लॉस गॅटोस ओढ्याच्या काठाने

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डोंगरांतून निघणारा लॉस गॅटोस नावाचा ओढा लॉस गॅटोस, कॅम्पबेल आणि सॅन होजे या तीन गावांच्या मधून उत्तरेकडे वाहत जातो, सॅन होजेच्या मध्यवस्तीत ग्वाडालूपे नदीला मिळतो आणि त्या नदीबरोबर पुढे अल्व्हिसोपाशी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पोहोचतो. या ओढ्याच्या काठाने लेक्सिंग्टन जलाशयापासून सॅन होजेमधल्या मेरिडियन ॲव्हेन्यूपर्यंत जवळजवळ १० मैलांची, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरची वाट आहे. डोंगराच्या बाजूचा सुरुवातीचा तुकडा सोडला तर ही वाट सबंध डांबरी आहे, बहुतेक ठिकाणी सपाट आहे, आणि एका बागेतून निघून दुसऱ्या बागेत शिरत ती शहरांच्या मधून जात राहते. मी या वाटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, आणि या सांता क्लारा खोऱ्यात राहायला आल्यापासून मला सर्वांत जवळची वाटणारी जागा कोणती असे कुणी विचारले तर मी हिचेच नाव घेते.

ट्रेकिंगची सवय असलेल्या आपल्या मंडळींना अशा वाटेवरून चालणे म्हणजे चालणे वाटतच नाही. राजगड-तोरणा केलेली माणसे इथे आली की योसेमिटीचे, बिग सुरचे, फार तर माउंट डियाब्लोचे नाव काढतात, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर असलेली ओढ्याकाठची वाट त्यांच्या गणतीत नसते. त्या डोंगरवाटांविषयी मला आदर आहे. मात्र तिथे जायला सुट्टी लागते, गाडी लागते, धडधाकट गुडघे लागतात, आणि ज्यांच्यापाशी या तिन्हींपैकी एखादी गोष्ट नाही त्यांना घराबाहेर पडता यावे यासाठी या खोऱ्यात जे काही केले गेले आहे त्यात ही वाट मला सर्वांत मोलाची वाटते. म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

वाट सोपी आहे म्हणजे नेमके काय, हे आधी सांगते. कॅम्पबेल समुद्रसपाटीपासून साधारण २०० फुटांवर आहे आणि लॉस गॅटोस साधारण ३४५ फुटांवर. म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावापर्यंत चालत गेले तरी चढ इतका हळू वाढतो की तो पायांना जाणवत नाही, फक्त परतताना चालणे किंचित हलके वाटते. रुंदी अशी आहे की दोन माणसे गप्पा मारत शेजारी शेजारी चालली तरी समोरून येणारी बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची सहज निघून जाते. परंतु सर्वांत महत्त्वाची सोय वेगळीच आहे आणि ती पहिल्या फेरीत लक्षातही येत नाही, ती ही की ही वाट रस्ता जवळजवळ कुठेच ओलांडत नाही. हॅमिल्टन ॲव्हेन्यू, कॅम्पबेल ॲव्हेन्यू, कॅम्डेन ॲव्हेन्यू, ८५ क्रमांकाचा फ्रीवे, लार्क ॲव्हेन्यू असे एकामागून एक मोठमोठे रस्ते आडवे येतात, आणि प्रत्येक वेळी वाट ओढ्याबरोबर खाली उतरून पुलाच्या पोटातून पलीकडे निघते. डोक्यावरून सहा सहा पदरी वाहतूक चाललेली असते आणि खाली एखादी आजी नातवाचा हात धरून तिच्या चालीने चाललेली असते. सिग्नलची वाट पाहायची नाही, डावीकडे उजवीकडे पाहायचे नाही, आणि म्हणूनच लक्ष पाण्याकडे, झाडांकडे आणि सोबतच्या माणसाकडे राहू शकते.

ही गोष्ट किती मोठी आहे ते मला माझे आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर राहायला आले तेव्हा कळले. ज्यांचे आई-वडील इथे येऊन राहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. इथे मंडईला जायचे तर गाडी, देवळात जायचे तर गाडी, केस कापायचे तर गाडी. आणि ज्याने आयुष्यभर सकाळी उठून पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचे, वाटेत चार लोकांशी बोलायचे आणि भाजी घेऊन परत यायचे, त्याला इथे मुलगी कामावरून येईपर्यंत घरात बसून राहावे लागते. पदपथ आहेत, ते स्वच्छही आहेत, पण त्यांच्यावर माणूस नसतो, आणि चौकात आले की पलीकडची बाजू इतकी लांब दिसते की हिरवा दिवा असताना आपण पोहोचू की नाही अशी धास्ती वाटते. आई पहिल्या आठवड्यात मला म्हणाली होती, "घर छान आहे गं, पण पाय बांधल्यासारखे झालेत." मग मी तिला आणि बाबांना कॅम्पबेल पार्कपर्यंत घेऊन गेले, वाट दाखवली, परतीची खूण म्हणून एक पूल आणि एक बाक दाखवून ठेवला, आणि त्यानंतर सकाळचे फिरणे ही त्यांची स्वतःची गोष्ट झाली. मी सोबत असण्याची गरज राहिली नाही.

सकाळी आठ ते दहाच्या सुमारास कॅम्पबेल पार्कच्या आसपास या वाटेवर जी मंडळी दिसतात त्यांत निम्मी माझ्या वयाच्या मुलांकडे राहायला आलेली आई-वडील मंडळी असतात असे मला वाटते. सुती साडीवर लोकरी स्वेटर, पायात मुलाने किंवा सुनेने आग्रहाने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज, डोक्याला स्कार्फ किंवा कानटोपी, हातात पाण्याची बाटली. तेलुगू आजोबा असतात, गुजराती जोडपी असतात, हात मागे बांधून शांतपणे चालणारी चिनी मंडळी असतात. मराठी माणूस मराठी बोलणे फार दुरून ऐकतो. एका बाकावर बसून आई बाबांना औषधाच्या वेळेवरून काहीतरी बोलत होती, तेवढ्यावरून पुढे गेलेल्या एक बाई परत फिरल्या आणि "तुम्ही कुठल्या?" असे विचारून शेजारी बसल्या. त्या सांगलीच्या निघाल्या. नंतर ही ओळख नियमाने चालू राहिली, आणि मी कधी सोबत गेले तर त्यांचे बोलणे ऐकत राही: आधी गावाकडची खबर, मग मुलांच्या नोकऱ्यांची काळजी, मग एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी, आणि शेवटी इथल्या दुधाला साय येत नाही याबद्दलची हळहळ. घरात आईला जे मी देऊ शकत नव्हते ते तिला त्या बाकावर मिळाले.

कॅम्पबेलचा हा भाग काही निसर्गाच्या कुशीत वगैरे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १७ क्रमांकाचा फ्रीवे ओढ्याला जवळजवळ लागूनच धावतो आणि त्याचा आवाज बऱ्याच अंतरापर्यंत सोबत करतो. एका बाजूला प्रूनयार्ड बाजारसंकुलाचे उंच मनोरे दिसतात, दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या इमारतींच्या मागच्या भिंती आणि गाड्या लावायच्या जागा. प्रूनयार्डमधले 'प्रून' म्हणजे सुके आलुबुखार. हे नाव पडले कारण एकेकाळी हे सगळे खोरे फळबागांचे होते आणि कॅम्पबेलमध्ये आलुबुखार आणि जर्दाळू वाळत घालायची मोठमोठी अंगणे होती. पण या सगळ्या बांधकामाच्या मधून ओढ्याची पट्टी हिरवी राहिली आहे. काठाला सिकॅमोर आहेत, कॉटनवूड आहेत, सदाहरित ओक आहेत आणि पाण्यालगत विलोची, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातली, झुडपे दाटली आहेत. शरदात कधी कधी चिनूक सामन मासे उपसागरातून ग्वाडालूपेमार्गे या ओढ्यात अंडी घालायला चढून येतात, आणि त्या दिवसांत पुलाच्या कठड्याला टेकून खाली पाहणारी माणसे दिसली की समजावे, आज काहीतरी दिसते आहे.

एकदा पुलाखालच्या सावलीत बाबांनी मला दंडाला धरून थांबवले. समोर, पाण्यात वाकलेल्या विलोच्या फांदीवर, करड्या अंगाचा, काळ्या पाठीचा आणि काळ्या टोपीचा, मान खांद्यात ओढून बसलेला एक पक्षी होता. लाल डोळा उघडा, बाकी सगळे शरीर दगडासारखे स्थिर. बाबा हळूच म्हणाले, "रातबगळा आहे हा. आपल्या तळ्यावर असायचा तोच." आणि तो खरोखरच तोच होता. मोठे पांढरे बगळे, पाणकावळे आणि हिरव्या डोक्याची मॅलार्ड बदके या ओढ्यावर नेहमी दिसतात, पण तेरा हजारांहून अधिक किलोमीटर अलीकडे येऊनही जाती-प्रजातीसकट तोच पक्षी भेटतो याचा बाबांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

आता या वाटेवरच्या मला सर्वांत आवडणाऱ्या भागाविषयी लिहिते. कॅम्पबेलच्या दक्षिणेला कॅम्डेन ॲव्हेन्यूच्या पुलाखालून बाहेर पडले की लॉस गॅटोस क्रीक काउंटी पार्क सुरू होते आणि वाटेच्या बाजूला एकामागून एक चौकोनी तळी दिसू लागतात. कुणी तिथे गळ टाकून बसलेले असते, एका तळ्यावर रिमोटवर चालणाऱ्या छोट्या होड्या सोडलेल्या असतात, आणि बहुतेक लोक ही करमणुकीसाठी केलेली तळी आहेत असे समजून पुढे जातात. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांच्या नोकरीचा मोठा काळ साताऱ्याच्या माण-खटाव भागात गेला. त्यांनी पहिल्या तळ्यापाशी उभे राहून आजूबाजूला पाहिले, ओढ्याकडून येणारी पाण्याची वाट पाहिली, आणि म्हणाले, "हा तर पाझर तलाव आहे." मग लगेच स्वतःच दुरुस्ती केली. आपल्याकडे नाल्यावर आडवा मातीचा बांध घालून त्याच्याच पात्रात पाणी अडवतात, बाजूला सांडवा काढतात. इथे ओढा मोकळा ठेवून पाणी शेजारच्या खड्ड्यांमध्ये वळवलेले आहे. पण हेतू एकच, पाणी जमिनीत मुरवायचे आणि विहिरींना द्यायचे.

त्यांचे निदान बरोबर होते. या खोऱ्याची गोष्ट अशी आहे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फळबागांना पाणी देण्यासाठी हजारो विहिरींवर पंप बसले, आणि वर्षाला पडणाऱ्या पावसातून जेवढे पाणी मुरत होते त्याच्या कितीतरी अधिक उपसले जाऊ लागले. सॅन होजेत वर्षाला सरासरी १५ इंचच पाऊस पडतो, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. पूर्वी जिथे विहिरींतून पाणी आपोआप वर उसळत असे तिथे पातळी खोल खोल जाऊ लागली, पाण्याच्या आधारावर फुगून राहिलेले मातीचे चिकण थर दबले आणि जमीनच खचू लागली. १९१५ ते १९७० च्या दरम्यान सॅन होजेच्या मध्यवस्तीतली जमीन सुमारे १३ फूट खाली गेली. भूजलाच्या उपशामुळे जमीन खचते हे अमेरिकेत पहिल्यांदा ओळखले गेले ते याच खोऱ्यात. उपसागराच्या काठचे अल्व्हिसो गाव समुद्रसपाटीच्याही खाली गेले आणि आज ते बांधांच्या आड उभे आहे. दबलेले थर पुन्हा फुगत नाहीत, त्यामुळे गेलेली उंची परत आली नाही. पुढचे खचणे तेवढे थांबवता आले.

ते थांबवण्यासाठी १९२९ साली जलसंधारणाचे एक स्वतंत्र सार्वजनिक खाते स्थापन झाले, जे आज व्हॅली वॉटर या नावाने ओळखले जाते. लोकांनी मतदान करून कर्जरोखे मंजूर केले आणि १९३५-३६ मध्ये खोऱ्याच्या कडेने धरणांची एक मालिका उभी राहिली; या ओढ्यावरचे व्हॅसोना हे छोटे धरण त्यांपैकीच. १९५२ मध्ये वर डोंगराच्या तोंडाशी लेक्सिंग्टनचे मोठे मातीचे धरण झाले. हिवाळ्यातल्या पावसाचे पाणी तिथे अडवायचे, उन्हाळ्यात ते हळूहळू ओढ्यात सोडायचे, आणि डोंगर संपून मैदान सुरू होते तिथल्या वाळू-गोट्यांच्या सैल जमिनीत तळी करून ते मुरवायचे, अशी ही योजना आहे. १९६० च्या दशकात बाहेरून कालव्यांचे पाणीही आले, आणि या सगळ्याच्या एकत्रित परिणामाने १९७० च्या सुमारास जमिनीचे खचणे थांबले. आजही सांता क्लारा काउंटीच्या पाण्यापैकी साधारण ४० टक्के पाणी जमिनीखालून येते. पाच महिने पावसाचा थेंब नसताना, सगळे डोंगर गवत वाळून पिवळे पडलेले असताना, या ओढ्याला जुलै-ऑगस्टमध्ये पाणी दिसते ते याच कारणाने, आणि वाटेवरची सावली, बगळे आणि विलो हेही याच पाण्यावर टिकून आहेत.

बाबांनी त्या दिवशी अर्धा तास चालणे सोडून दिले. एक तळे कोरडे केलेले होते. तारेच्या कुंपणाला बोटे अडकवून ते आत पाहत राहिले. तळाचा गाळ वाळून त्याला हाताच्या पंजाएवढ्या भेगा पडल्या होत्या, भेगांच्या कडा वर वळल्या होत्या, आणि एका बाजूला यंत्राने तो थर खरवडून काढल्यावर खालची खडीमिश्रित वाळू स्वच्छ दिसत होती. टिटवीच्या कुळातला एक पक्षी त्या भेगांमधून तुरुतुरु धावत होता. बाबा म्हणाले, "गाळ काढतायत. हेच तर करावं लागतं." बारीक गाळ तळाशी बसला की पाझर बंद होतो, आणि मग पाणी तळ्यात दिसते पण विहिरीत उतरत नाही, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेल्या कितीतरी पाझर तलावांची हीच कथा पुढे त्यांनी नोकरीत पाहिली होती. ते बांधताना हजारो माणसांनी घाम गाळला होता, आणि ते गाळाने भरताना त्यांच्याकडे पाहायला पुरेसे हात आणि पुरेसा निधी नव्हता, हे त्यांनी तिथे उभ्या उभ्या फार शांतपणे सांगितले. मग विचारले, "इथे विहिरींची पातळी मोजतात का?" मोजतात, आणि खाते ते आकडे लोकांसाठी नियमित प्रसिद्धही करते. घरी आल्यावर ते मी त्यांना काढून दाखवले आणि त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले. माझ्या रोजच्या चालण्याच्या वाटेचा अर्थ मला त्या दिवशी बाबांमुळे कळला.

८५ क्रमांकाचा फ्रीवे आणि लार्क ॲव्हेन्यू मागे टाकल्यावर व्हॅसोना लेक काउंटी पार्क येते. तळ्यासकट सुमारे १५० एकरांचे हे उद्यान आहे, हिरवळ मोठी, झाडे जुनी, आणि शनिवार-रविवारी वाढदिवसांच्या मेजवान्यांनी गजबजलेले. तिथूनच ओक मेडो पार्कमध्ये जाता येते आणि लहान मुले सोबत असतील तर तिथून पुढे जाणे अवघड होते, कारण तिथे बिली जोन्स वाइल्डकॅट रेल्वे ही छोटी गाडी धावते. बिली जोन्स हे सदर्न पॅसिफिक रेल्वेचे इंजिनचालक होते. त्यांनी १९०५ साली बांधलेले एक लहान वाफेचे इंजिन विकत घेतले आणि आपल्या फळबागेत रूळ टाकून मुलांना त्यात बसवले. १९६८ मध्ये ते गेल्यावर गावकऱ्यांनी ती गाडी इथे आणली, आणि १९७० पासून ती या बागेत चालते आहे. आमच्या मुलीला ओढा, धरण, बगळे यांपैकी कशाचेही नाव सांगितले तरी तिला आधी ही गाडीच आठवते.

पुढे लॉस गॅटोस गावात फोर्ब्ज मिल नावाच्या जुन्या पिठाच्या गिरणीचा उरलेला दगडी भाग लागतो, आणि मेन स्ट्रीट ओलांडल्यावर वाटेचा स्वभाव बदलतो. तिथून लेक्सिंग्टन धरणापर्यंतचा तुकडा कच्चा आणि चढाचा आहे, शेवटी तर धरणाच्या भिंतीवर चढताना दम लागतो. वर पोहोचल्यावर दिसणाऱ्या पाण्याखाली लेक्सिंग्टन आणि अल्मा या दोन जुन्या वस्त्यांच्या जागा गेल्या आहेत. आई-बाबांना मी तिथवर नेले नाही. ज्यांना वाट सपाट हवी आहे त्यांनी मेन स्ट्रीटपाशी थांबावे आणि तिथे कॉफी घेऊन परतावे.

वाटेवर वागायच्या काही रीती आहेत आणि आई-वडिलांना आणण्याआधी त्या समजावून सांगणे फार आवश्यक आहे. चालायचे उजव्या बाजूने. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवतो किंवा "ऑन युअर लेफ्ट" असे ओरडतो, त्याचा अर्थ तो तुमच्या डाव्या हाताने पुढे जाणार आहे एवढाच असतो. आपल्या मोठ्या माणसांना मात्र "लेफ्ट" एवढेच ऐकू येते आणि ती दचकून नेमकी डावीकडे सरकतात. माझ्या आईचे दोनदा असे झाले, सुदैवाने लागले नाही. मी तिला एवढेच सांगितले की आवाज ऐकला की वळायचे नाही, थांबायचे नाही, आहे त्या रेषेत चालत राहायचे. अलीकडे विजेवर चालणाऱ्या सायकली वाढल्या आहेत आणि त्यांचा वेग पुलांखालच्या आंधळ्या वळणांवर खरोखर धोक्याचा असतो. सायकल चालवणाऱ्या आपल्या मुलांना घरातूनच हे सांगितले गेले पाहिजे. दुसरी गोष्ट बदकांना आणि हंसांना खाऊ घालण्याची. घरची उरलेली पोळी पाखरांना घालणे हा आपल्याकडे पुण्याचा भाग असतो, त्यामागची भावना मला पूर्ण मान्य आहे, पण पोळी-पावाने त्या पक्ष्यांचे पोषण होत नाही, पाणी मात्र खराब होते, आणि इथल्या उद्यानांमध्ये त्याला मनाई आहे. हे आईला सांगताना मला जड गेले, तिने मात्र लगेच ऐकले.

हिवाळ्यात मोठा पाऊस झाला की पुलांखालचे भाग पाण्याखाली जातात आणि वाट तेवढ्यापुरती बंद करतात. २०२३ च्या जानेवारीत एकामागून एक वादळे आली तेव्हा ओढ्याचे रूप पाहून नेहमीच्या लोकांनाही धडकी भरली होती. पाणी ओसरल्यावरही पुलाखाली बारीक चिखलाचा थर राहतो आणि तो डांबरावर फार निसरडा असतो, त्यामुळे पावसानंतरचे दोन-चार दिवस वयस्क माणसांना घेऊन जाऊ नये.

सॅन होजेच्या बाजूला, हॅमिल्टनच्या पुढे, वाट अरुंद वस्त्यांमधून जाते, आणि मेरिडियन ॲव्हेन्यूपाशी सलग वाट संपते. तिथून पुढे मध्यवस्तीच्या जवळ तिचा आणखी एक छोटा तुकडा आहे, पण मधला दुवा जुळलेला नाही. तो जुळला तर लॉस गॅटोसहून निघालेला माणूस डिरिडॉन स्टेशनपर्यंत आणि तिथून ग्वाडालूपेच्या काठाने पुढे रस्त्याला पाय न लावता जाऊ शकेल. या खालच्या भागात ओढ्याच्या पात्रात, पुलांच्या आडोशाला, बेघर माणसांचे तंबूही दिसतात. काहींना त्यामुळे तिकडे जायला भीती वाटते. माझा अनुभव असा की त्या माणसांकडून मला कधी त्रास झालेला नाही. मात्र ज्या खोऱ्यात घरांच्या किमती अशा आहेत तिथे काही माणसांना ओढ्याचे पात्रच घर करावे लागते आणि पूर आला की तेही सोडावे लागते, ही गोष्ट त्या वाटेने चालताना टाळता येत नाही आणि टाळूही नये.

ज्यांना आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा यायचे आहे त्यांच्यासाठी माझे सांगणे असे. सुरुवात कॅम्पबेल पार्कपासून करावी. तिथे स्वच्छतागृह आहे, पिण्याचे पाणी आहे, मुलांना खेळायची जागा आहे, आणि लाईट रेलचे डाउनटाउन कॅम्पबेल हे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे गाडी न चालवणाऱ्यांनाही स्वतःहून येता-जाता येते. तिथून दक्षिणेकडे तळ्यांपर्यंत जाऊन परत येणे ही एका सकाळची पुरेशी फेरी आहे. व्हॅसोनात गाडी आत नेली तर शुल्क पडते, चालत गेले तर पडत नाही. उन्हाळ्यात दहाच्या आत परतावे, कारण तळ्यांच्या बांधांवर सावली नाही. ओढ्याकडे उतरणाऱ्या काठावर तीन तीन पानांचे चकचकीत झुडूप दिसले तर त्याला हात लावू नये. ते पॉइझन ओक असते आणि त्याने अंगावर पुरळ उठून आठवडाभर खाज सुटते. आणि रविवार असेल तर परतताना कॅम्पबेलच्या शेतकरी बाजारात थांबावे. मोसमात तिथे चांगले जर्दाळू मिळतात, आणि आईला भाजी स्वतः निवडून, हाताने चाचपून घेता येते.